मालवणचे पर्यटन : मिळकत कोणाची, किनारा कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणच्या विकासाची चर्चा गेली तीस वर्षे एकाच शब्दापाशी येऊन थांबते. तो शब्द म्हणजे पर्यटन. शाळेला शिक्षक नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, शिकलेल्या मुलाला काम नाही, अशा प्रत्येक तक्रारीवर राज्यकर्त्यांचे उत्तर ठरलेले असते : पर्यटन येऊ द्या, सारे मार्गी लागेल. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्या घोषणेला पाव शतक उलटून गेले. या उत्तराची परीक्षा घेण्यास एवढा काळ पुरेसा आहे, आणि ती परीक्षा मालवणाइतकी चांगली अन्यत्र घेता येणार नाही. कारण पर्यटनाचे यश म्हणून जे दाखविले जाते ते मालवण, तारकर्ली आणि देवबाग या किनारपट्टीवरच दाखविले जाते.

मालवण हे लहान शहर आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या वीस हजारांच्याही आत होती. समोर कुरटे बेटावर १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला, शेजारी पद्मगड, दक्षिणेस तारकर्लीची पांढरी वाळू, आणि त्याही पलीकडे एका बाजूस कर्ली नदी व दुसऱ्या बाजूस समुद्र यांच्यामधे चिंचोळ्या पट्ट्यासारखे पसरलेले देवबाग. गाबीत मच्छीमारांची वस्ती, माडांच्या बागा, लहान दुकानदारी आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर यांवर हे शहर शंभर वर्षे जगले. घरातील कर्ता पुरुष गिरणीत किंवा गोदीत, बाई शेतात आणि बाजारात, म्हातारी माणसे गणपतीच्या नि शिमग्याच्या चाकरमान्यांची वाट पाहत बसलेली, हे त्या अर्थव्यवस्थेचे चित्र होते. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरण्यांचा आधार खचला, आणि मनिऑर्डरीचा ओघ ज्या मुळातून येत होता ते मूळच सुकले.

कोकणला बाहेरच्या जगाशी जोडण्यासाठी समाजवादी चळवळीने केलेली खटपट येथे आठवली पाहिजे. बॅरिस्टर नाथ पै यांनी १९५७ ते १९७१ आणि प्रा. मधु दंडवते यांनी १९७१ ते १९९१ या काळात राजापूर मतदारसंघाचे लोकसभेत प्रतिनिधित्व केले. कोकण रेल्वेचा आग्रह या दोघांनी सातत्याने धरला. १९९० साली दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, आणि १९९८ साली संपूर्ण मार्ग खुला झाला. ही रेल्वे मागितली गेली ती कोकणी माणसाला आपल्या गावात राहून जगता यावे म्हणून. प्रवासी घेऊन येणारी गाडी ही तिची एक बाजू होती. माणसाला गावात टिकवून धरणारी अर्थव्यवस्था ही दुसरी. पहिली बाजू यशस्वी झाली. दुसरीचे काय झाले, हे पाहणे आज आवश्यक आहे.

त्यासाठी एकच आकडा पुरेसा बोलका आहे. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ६९ हजार होती. २०११ साली ती सुमारे ८ लाख ५० हजार झाली. रेल्वे आली, पर्यटन जिल्ह्याची पाटी लागली, आणि त्याच दशकात जिल्ह्याची माणसे कमी झाली. २०११ साली दर हजार पुरुषांमागे येथे १,०३६ स्त्रिया होत्या. म्हणजे पुरुषांचे बाहेर जाणे थांबलेले नव्हते. लोकसंख्या घटण्यास घटता जन्मदर हेही एक कारण आहे, आणि सारा दोष पर्यटनाच्या माथी मारणे हा अप्रामाणिकपणा होईल. परंतु जी योजना माणसांना गावात थांबविण्यासाठी म्हणून मांडली गेली, तिने त्या दशकात त्यांना थांबविले नाही, एवढे तरी हा आकडा निर्विवाद सांगतो.

पर्यटनाने काहीच दिले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने सामान्य घरांना आपल्या दोन खोल्या पाहुण्यांना देण्याची वाट मोकळी झाली. ज्या घरात पूर्वी पावसाळ्यापुरते तांदूळ उसने आणावे लागत, त्या घराने मुलीला अभियांत्रिकीला पाठविले, अशी उदाहरणे या पट्ट्यात शोधावी लागत नाहीत. जाळ्यावर पोट भागत नाही म्हणून होडी विकण्याच्या विचारात असलेल्या मच्छीमाराने तीच होडी प्रवाशांसाठी वापरली. समुद्राखालचे प्रवाळ दाखविण्याचा धंदा तर येथील तरुणांनी अक्षरशः पाण्यात उडी घेऊन उभा केला. बापजाद्यांपासून आलेले खडकांचे, प्रवाहांचे व भरती-ओहोटीचे ज्ञान हे त्यांचे भांडवल होते. मोठ्या भांडवलाची वाट न पाहता स्थानिकांनी सुरू केलेले पर्यटन हे मालवणचे वैशिष्ट्य आहे, आणि म्हणूनच ते हातचे जाऊ नये ही चिंता महत्त्वाची ठरते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी अशा वेळी पहिला प्रश्न विचारतो तो असा की, बाहेरून आलेला रुपया गावात किती वेळा फिरतो? समजा, एक कुटुंब दोन दिवसांसाठी आले आणि त्याने शंभर रुपये खर्च केले. खोली संगणकावरून नोंदविली असेल तर त्यातील दलाली दूरच्या शहरातील कंपनीकडे गेली. भाजी, दूध नि कोंबडी घाटावरून, कोल्हापूर-बेळगावहून आली. पाण्याची बाटली, थंड पेय, चादरी, साबण हे सारे बाहेरचे. डिझेल बाहेरचे. हॉटेल बाहेरच्या माणसाचे असेल तर नफाही बाहेर. गावात राहिली ती मजुरी, स्थानिक मालकाचा नफा असल्यास तो, आणि मासळीची किंमत. गळक्या घागरीत पाणी किती ओतले, याच्या मोजदादीला अर्थ नसतो. तळाशी किती उरले ते पाहावे लागते. सरकारी अहवाल मात्र ओतलेले पाणीच मोजतात. किती पर्यटक आले, एवढाच आकडा दरवर्षी जाहीर होतो. त्यांनी दिलेल्या पैशातून तालुक्यात किती राहिले, हे विचारण्याची रीत नाही.

दुसरा प्रश्न मिळकतीच्या स्थैर्याचा. समुद्रातील प्रवासी वाहतूक नि जलक्रीडा मे अखेरीस बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. म्हणजे दोन्ही धंदे एकाच वेळी झोपतात. एकाने दुसऱ्याला हात द्यावा असे ते नाहीत. उरलेल्या महिन्यांतही खरी गर्दी दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुटी एवढीच. २०२० सालच्या टाळेबंदीने पर्यटन एका दिवसात शून्यावर आणले. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने होड्या, जाळी नि छपरे यांची दाणादाण उडविली. कर्ज काढून खोल्या बांधलेल्यांना या दोन वर्षांत कळून चुकले की बँकेच्या हप्त्याला हंगाम नसतो. शेती, मासेमारी, बागायत आणि चार पाहुणे अशा चार खांबांवर उभे असलेले घर एका खांबावर आणणे ही प्रगती खचितच नव्हे.

तिसरा प्रश्न जमिनीचा, आणि तो सर्वांत खोल आहे. किनाऱ्यावरच्या जमिनीला आज जो भाव आला आहे तो कोणाच्या श्रमाने आला? मालकाने तेथे काही पिकविले म्हणून नव्हे. रेल्वे, रस्ता, २०२१च्या ऑक्टोबरात चिपी येथे सुरू झालेला विमानतळ, सरकारने केलेली जाहिरात, आणि पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ राखलेला किनारा, या साऱ्या सार्वजनिक गोष्टींचे मोल एका खासगी सातबाऱ्यावर येऊन साचते. रिकार्डोपासून हेन्री जॉर्जपर्यंत अर्थशास्त्रज्ञांनी ज्याला अनर्जित वाढ म्हटले तीच ही. पण येथे दुःखाची गोष्ट अशी की, ही अनर्जित वाढदेखील मूळ मालकाच्या हाती क्वचित लागते. भाऊबंदकीत अडकलेले, मुंबईला विखुरलेले, तातडीच्या पैशाची गरज असलेले कुटुंब जमीन आधी विकते, आणि भाव नंतर वाढतो. जो विकतो त्याला जमिनीची जुनी किंमत मिळते. जो घेऊन थांबू शकतो त्याला नवी. थांबण्याची ऐपत हेच या बाजारातले खरे भांडवल.

मच्छीमाराची स्थिती तर याहून नाजूक. होडी ओढून ठेवण्याची जागा, जाळी सुकविण्याची जागा, मासळी वाळविण्याची जागा ही त्याच्या धंद्याची अवजारे आहेत. पण त्यांतील बहुतेक जागा त्याच्या नावावर नाहीत. त्या सरकारी पडीक असतात, किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या आणि केवळ वहिवाटीने त्याच्या. वाळूला भाव नव्हता तोवर वहिवाट चालली. वाळूला भाव येताच प्रथम कुंपण आले, मग पहारेकरी, आणि मग कुंपणाला हात लावणारा अतिक्रमण करणारा ठरला. वहिवाटीचा कागद नसतो, आणि कागद नसलेला हक्क बाजारात सर्वांत आधी हरतो.

कायद्याचे संरक्षणही हळूहळू पातळ होत गेले. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा राखण्यास सांगितले. त्यातून १९९१ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. तिच्यात अनेकदा फेरफार झाले, २०११ साली ती नव्याने निघाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. या सवलतीचे समर्थन मच्छीमारांच्या घरांचे नाव घेऊन केले गेले. त्यांच्या घरांचा प्रश्न खराच होता. पण कोळ्याच्या झोपडीसाठी उघडलेल्या फाटकातून इमारतीचे काँक्रीट आत येणार नाही, याची तजवीज कोठे आहे?

शिरोडा-वेळागरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९३० साली ज्या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला, समुद्राच्या पाण्यावर सामान्य माणसाचा हक्क सांगण्यासाठी जेथे लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच गावच्या किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेलसाठी जमीन संपादण्यात आली, आणि तो वाद तीन दशके रेंगाळला. एका पिढीने आंदोलन सुरू केले आणि दुसरीने ते चालू ठेवले. सार्वजनिक हितासाठी म्हणून घेतलेल्या जमिनीत सार्वजनिक काय होते, हा त्या गावाचा साधा प्रश्न होता.

चौथा प्रश्न समुद्राचा. मालवणच्या किनाऱ्यावर रापण नावाची मासेमारीची रीत आहे. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकावयाचे, आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढून आणावयाची. त्याला पन्नास-साठ हात लागतात. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोराला हात लावणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये ही तेथील रीत. सामाईक मालमत्तेचा नाश अटळ असतो, असा सिद्धांत १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडला आणि खासगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी तो डोक्यावर घेतला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सामाईक कुरणांचा, कालव्यांचा नि मासेमारीचा अभ्यास करून दाखवून दिले की, वापरणाऱ्या माणसांनी स्वतः नियम केले, स्वतः ते पाळले आणि मोडणाऱ्याला आवरले तर सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकते. २००९ साली त्यांना या कामाबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मालवणच्या रापणकऱ्याला हे कळण्यासाठी नोबेलची वाट पाहावी लागली नाही. तो ते जगत होता.

या रीतीवर पहिला घाव यांत्रिक मासेमारीचा बसला. ट्रॉलर आले, मग पर्ससीन आले, मग प्रखर दिवे लावून मासळी एका जागी गोळा करणे आले. १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा, पर्ससीनवर निर्बंध घालणारा फेब्रुवारी २०१६चा आदेश, प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली घातलेली बंदी, हे सारे पारंपरिक मच्छीमारांच्या रेट्यामुळे झाले. कागदावर ते विजयच आहेत. अंमलबजावणीसाठी त्यांना पुनःपुन्हा रस्त्यावर यावे लागते हे त्या विजयांचे दुबळेपण.

दुसरा घाव पर्यटनाचा, आणि तो सौम्य हाताने बसतो. ज्या वाळूवर रापण ओढावयाची त्याच वाळूवर छत्र्या, खुर्च्या आणि दुचाक्या उभ्या राहतात. जेथे जाळे टाकावयाचे तेथे प्रवाशांना घेऊन यांत्रिक होड्या घिरट्या घालतात. भांडण होते ते बाहेरच्याशी नव्हे, शेजाऱ्याशी. एक भाऊ रापणीचा, दुसरा जलक्रीडेचा. १९८७ साली सरकारने येथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर केले, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. कारण त्यांना न विचारता त्यांच्या समुद्रावर रेघ ओढली गेली होती. आज त्या अभयारण्याच्या गाभ्यात, किल्ल्याच्या नि पद्मगडाच्या आसपास, प्रवाळांवर पर्यटकांच्या पायांचा आणि होड्यांच्या नांगरांचा भार पडतो. पोट भरण्यासाठी समुद्रात उतरणाऱ्याला अभयारण्याचा धाक आणि मौजेसाठी उतरणाऱ्याला स्वागताची कमान, ही तफावत कोणत्याही न्यायात बसणारी नाही. उलट हेही खरे की, प्रवाळ मेले तर मासळीही जाईल नि पर्यटकही. तेव्हा प्रवाळांचे रक्षण हा मच्छीमाराचा स्वतःचा प्रश्न आहे, वनखात्याचा एकट्याचा नव्हे.

पाचवा प्रश्न पाण्याचा. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चोहीकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी, याचे पर्यटकाला नवल वाटते. त्यामागचे शास्त्र सोपे आहे : पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. घागरीने उपसले तर ते वर्षभर पुरते. पंपाने उपसले तर खालचे खारे पाणी वर येते, आणि एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास वर्षे लागतात. देवबाग-तारकर्लीच्या वाळूपट्ट्यातील प्रत्येक विहिरीला हाच नियम लागू आहे. तेथे प्रत्येक खोलीला संडास आणि स्नानगृह, प्रत्येक छपरावर टाकी, आणि त्याच वाळूत शौचकूप. वाळू पाणी अडवीत नाही. शौचकुपाचे पाणी शेजारच्या विहिरीत पोचण्यास फार अंतर तोडावे लागत नाही. पाहुणा बाटलीतले पाणी पिऊन परत जातो. विहिरीचे पाणी यजमानाने प्यावयाचे असते.

याला जोडूनच नगरपालिकेचा नि ग्रामपंचायतीचा प्रश्न येतो. वीस हजारांहून कमी लोकांच्या घरपट्टीवर चालणाऱ्या संस्थेने सुटीच्या दिवसांत येणाऱ्या साऱ्या पाहुण्यांचा कचरा उचलावा, सांडपाणी वाहून न्यावे, वाहनांना जागा द्यावी, अशी अपेक्षा असते. नफा खासगी आणि साफसफाई सार्वजनिक, ही वाटणी कोणी ठरविली? सरकारजवळ पैसा नाही असेही नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी राजकोट येथे शिवछत्रपतींच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. समोरच साडेतीनशे वर्षे लाटा झेलीत असलेला महाराजांचा किल्ला उभा. पुढे २०२५ साली नवा पुतळा उभारला गेला. महाराजांविषयीच्या आदराबद्दल प्रश्न नाही. पण दिखाव्याच्या कामाला मिळणारा अग्रक्रम आणि घाई सांडपाण्याच्या योजनेला का मिळत नाही, हा प्रश्न त्या कोसळलेल्या पुतळ्याने सर्वांपुढे ठेवला. सुरक्षिततेचेही तेच. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ प्रवाशांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. दुर्घटनेनंतर तपासणीचे हुकूम सुटतात. हंगामाच्या आधी ती तपासणी करणारा कायमचा माणूस बंदरावर हवा, ही मागणी खर्चाची म्हणून मागे राहते.

सहावा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. निवास व न्याहारी या शब्दांतील न्याहारी कोण करते? पहाटे उठून घावणे-आंबोळ्या घालणारी, दुपारी मासळीचे ताट लावणारी, चादरी धुणारी, खोल्या झाडणारी बाई बहुधा घरचीच असते. नोंदणी पुरुषाच्या नावे, बँकेचे खाते पुरुषाच्या नावे, आणि श्रम तिचे. हे श्रम विनामूल्य आहेत म्हणूनच ते घर हॉटेलपेक्षा स्वस्त पडते. दुसरीकडे मासळी विकणारी बाई. हॉटेलांचे खरेदीदार बंदरावरच सुरमई नि पापलेट उचलतात. तिच्या पाटीत उरते ते उरलेले, आणि गावातील गरिबाच्या ताटातून मोठी मासळी नाहीशी होते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मात्र मच्छीमार स्त्रियांच्या एका बचत गटाने २०१७पासून कांदळवनाची सहल चालविली. होडी त्यांनी वल्हवावयाची, झाडांची माहिती त्यांनी सांगावयाची, आणि पैसा गटात यावयाचा. प्रयोग लहान आहे, पण दिशा त्यातून दिसते.

हे सारे असेच चालू राहिले तर पुढे काय, हे पाहण्यास दूर जावयास नको. तेरेखोल ओलांडली की गोवा. १९७०च्या दशकात तेथील रापणकारांनी ट्रॉलरांविरुद्ध मोठा लढा दिला, आणि १९८०च्या दशकात परदेशांतून थेट विमाने येऊ लागली तेव्हाही तेथील जागृत तरुणांनी विरोध केला. तो विरोध फार काळ टिकला नाही. २०११ साली १५ लाखांहून कमी लोकसंख्या असलेल्या गोव्यात २०२४ साली एक कोटीहून अधिक पर्यटक आले. कळंगुट-बागा एके काळी रापणकारांची, माडाची सूर काढणाऱ्यांची गावे होती. आज तेथील मूळ रहिवाशाला आपल्याच गावात वाट काढावी लागते, आणि मालवणकडे येणारे काही पर्यटक कळंगुटच्या गर्दीला कंटाळून येतात. एक किनारा वापरून झाला की दुसरा, असा हा धंद्याचा क्रम आहे. भांडवलाला पुढचा किनारा असतो. गावाला दुसरे गाव नसते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो कार्यकर्त्यांनी गंभीरपणे घेतला पाहिजे. मच्छीमाराच्या मुलाने आयुष्यभर जाळेच ओढावे काय? शहरातल्या विचारवंतांना रापण सुंदर वाटते; जो पहाटे थंड पाण्यात उभा राहतो त्याला विचारा. हा आक्षेप बरोबर आहे. गरिबीचे संग्रहालय मांडणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. परंतु मच्छीमाराच्या मुलाने जाळे सोडावे ते कशासाठी, हा यातील खरा प्रश्न. होडीचा मालक असलेल्या बापाचा मुलगा दुसऱ्याच्या हॉटेलात हंगामी नोकर झाला, तर त्याचे कपडे बदलले, पण मालकी गेली. तोच मुलगा दहा मित्रांसह सहकारी संस्थेची होडी चालवू लागला, तर कामही बदलले आणि मालकीही राहिली. दुसरी गोष्ट परप्रांतीय मजुरांची. हॉटेलांत, बागांत नि मासेमारी नौकांवर नेपाळी, कर्नाटकी, उत्तरेकडील मजूर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून मते मिळविणे सोपे आहे. मुंबईच्या चाळीत परके म्हणून राहिलेल्या चाकरमान्यांच्या नातवंडांनी तरी ही भाषा बोलू नये. त्या मजुराला किमान वेतन मिळाले, तर स्थानिक मजुराचा भाव पाडण्यासाठी त्याचा वापर करता येणार नाही; हाच यावरचा उपाय.

मग करावयाचे काय? सभेत ठराव करून हे प्रश्न सुटत नाहीत. काही कामे मात्र तालुक्याच्या पातळीवर आजपासून हाती घेता येतात.

पहिले काम नोंदीचे. प्रत्येक मच्छीमार गावात होड्या ओढण्याच्या, जाळी सुकविण्याच्या नि रापण ओढण्याच्या जागांचा नकाशा गावकऱ्यांनी स्वतः तयार करावा, ग्रामसभेत तो मंजूर करून घ्यावा, आणि किनारा व्यवस्थापन आराखड्यात तो दाखल करण्याचा आग्रह धरावा. वहिवाटीला कागद मिळवून देणे हे आज क्रांतिकारक काम आहे, जरी ते तलाठ्याच्या टेबलापाशी करावे लागत असले तरी.

दुसरे काम वाट्यांचे. प्रवासी होड्या, जलक्रीडा आणि समुद्रतळाच्या सफरी यांचे परवाने व्यक्तींऐवजी स्थानिकांच्या सहकारी संस्थांना द्यावेत, फेऱ्या पाळीने लावाव्यात, आणि रापणीच्या वेळा व जागा राखून ठेवाव्यात. रापणीचा वाट्याचा नियम पर्यटनाला लावता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

तिसरे काम कराचे. राहणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे अल्पसा कर स्थानिक संस्थेने घ्यावा, तो मंत्रालयात न जाता गावातच राहावा, आणि त्यातून केवळ पाणी, सांडपाणी, कचरा व बंदरावरील सुरक्षितता यांवरच खर्च व्हावा. जमिनीच्या वाढलेल्या भावावर समाजाचा हक्क सांगणारा कर ही याच्या पुढची पायरी. ती कठीण आहे म्हणून तिचा उच्चारच सोडून देऊ नये.

चौथे काम मर्यादेचे. किती खोल्या, किती होड्या, प्रवाळांवर एका दिवसात किती माणसे, हे विहिरीच्या पाण्यावरून आणि समुद्राच्या स्थितीवरून ठरावे, मागणीवरून नव्हे. निवास योजनेची नोंदणी घरातील स्त्रीच्या नावे किंवा जोडनावाने व्हावी, हीही याच मागणीपत्रकातील ओळ असली पाहिजे.

ही कामे करताना एक अडचण येणार आहे. आज या पट्ट्यातील पुष्कळ कार्यकर्त्यांच्या व सहानुभूतिदारांच्या घरीच पाहुण्यांच्या खोल्या आहेत. मर्यादेची मागणी त्यांच्या मिळकतीला लागेल, कराची मागणी त्यांच्या गिऱ्हाइकाला लागेल. गिरणी कामगाराला मालकाविरुद्ध संघटित करणे सोपे होते. स्वतःच लहान मालक झालेल्या माणसाला स्वतःच्या धंद्याला मर्यादा घालण्यास तयार करणे अवघड आहे. पण नेमका येथेच हा प्रश्न सुटतो किंवा बिघडतो. दोन खोल्यांच्या मालकाने वीस खोल्यांच्या मालकाशी स्पर्धा करावयाचे ठरविले तर तो हरणार, कारण त्याच्याजवळ थांबण्याची ऐपत नाही. त्याने रापणकऱ्याशी, होडीवाल्याशी, मासळीवालीशी आणि हॉटेलातल्या मजुराशी हात मिळविले तर विहीर गोडी राहील, किनारा मोकळा राहील, आणि पाहुणा ज्यासाठी येतो तेही शिल्लक राहील. हे त्याला पटवून देण्यासाठी त्याच्या ओसरीवर बसावे लागेल, एकदा नव्हे, अनेकदा. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, पावसाळ्याच्या मोकळ्या महिन्यांत, हे काम किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीत सुरू झाले पाहिजे.